अकरा नंबरचा आवाज

"नंबर ग्यारह," मौलानासाहेबांनी चष्मा सारखा करून कागदावरचा आकडा दुसऱ्यांदा वाचला, "अव्वल!"

शरफुद्दीनच्या दिवाणखान्यात एकच गलका उठला. अकरा नंबर म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरमालकाचीच धाकटी, नसीम. सकाळी चिठ्ठ्या वाटल्या तेव्हा शरफुद्दीनने स्वतः वाकून बघून घेतलं होतं. कापडाच्या चोवीस लूमचा, यंत्रमागांचा मालक, व्यापाऱ्यांपुढे मान ताठ ठेवणारा, पण पोरीचा नंबर ऐकल्यावर गडी धावत जाऊन मौलानांचे हात डोळ्यांना लावू लागला. पुरुषमंडळी गळाभेटी घेत होती. आत नसीमची आई बिल्कीसभाबीने नसीमवरून बोटं ओवाळून कानशिलांवर कडाकडा मोडली, आणि पाहुण्या बायका पोरीचे मुके घेत सुटल्या.

"जिस बीबी ने इस बच्ची को पढ़ाया है," मौलाना घरच्या थोरल्या मुलाकडे, मोहिदीनकडे वळून म्हणाले, "मक्तब उनके हाथ से मत लेना, मियाँ. ऐसी ज़बान हमारे बड़े मदरसों में नहीं मिलती."

हे ऐकून जिने नाचायला हवं होतं ती खैरूफुफी स्वयंपाकघराच्या दारात बसली होती, तिथेच थिजून गेली.

अहो, नाचणार कशी? शरफुद्दीनची ही थोरली बहीण अठ्ठावीस वर्षं ओसरीवर बसून आळीतल्या मुलींना कुराण वाचायला शिकवत होती. तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता, वीस पोरींच्या कलकलाटातून 'ए तिसरी, पुन्हा म्हण' असं सांगणारी बाई ती. प्रत्येकीचा आवाज तिला ठाऊक. आणि मघाशी पडद्याआडून जी सूरह रहमान उमटली, तो आवाज नसीमचा नव्हताच. त्या सूरहमध्ये एकच ओळ एकतीस वेळा येते. मोठमोठे लोक तिथे फसतात, कितव्या खेपेनंतर कुठली आयत ते विसरतात. हा आवाज एकदाही अडखळला नव्हता. फुफीच्या मक्तबात एकच पोर अशी म्हणायची, आणि तिचं नाव हजेरीत नव्हतं.

या परीक्षेवर काय टांगलेलं होतं ते घरातल्या मांजरालाही माहीत होतं. शरफुद्दीनचा थोरला मोहिदीन आठ वर्षं उत्तरेत शिकून, आलिम, धर्मपंडित होऊन परत आला त्याला तीन महिने झाले. आला तो नवं डोकं घेऊन. मशिदीमागे मदरशाच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या, फळे आले, हजेरीबुक आलं, आणि मुलींसाठी तिकडचीच शिकलेली उस्तानी, शिक्षिका, आणायचं ठरलं. म्हणजे ओसरीवरचं मक्तब, रोज सकाळची ती दोन तासांची शाळा, बंद. फुफी दोन दिवस जेवली नाही. पडघ्याला दिलेली, वर्षाच्या आत विधवा होऊन परत आलेली बाई. पोर ना बाळ, त्या वीस मुली एवढंच काय ते तिचं. शेवटी मोहिदीननेच तोडगा काढला. शाबान महिन्यात, रमजानच्या आधी, बाहेरचे मौलाना बोलावून परीक्षा घेऊ. फुफीच्या मुली कसोटीला उतरल्या तर मक्तब फुफीचं.

नियमही त्याचेच. नऊ वर्षांवरच्या मुली पडद्याआड बसतील. नावं नकोत, नंबर. मालकाची मुलगी म्हणून झुकतं माप नको. फुफीने मुलींजवळ बसायचं नाही. शरफुद्दीनने आपल्याच लूमच्या कोऱ्या कापडाचा पडदा टांगला आणि आवाज नीट ऐकू यावा म्हणून दुपारपर्यंत लूम बंद ठेवले. घराला असली शांतता सत्तर सालच्या कर्फ्यूनंतर पहिल्यांदाच आली होती.

गप्प बसावं, असं फुफीला वाटलं. का खोटं सांगा? तोंड मिटलं की मक्तब वाचत होतं. पोरींनी आपसांत काय केलं ते पोरींना ठाऊक.

पण शरफुद्दीनला कुठे दम! तो पेढ्यांचा पुडा घेऊन आत आला आणि सगळ्या बायकांपुढे म्हणाला, "नसीम, बेटा, पुन्हा म्हण. थोडीशी. या सगळ्यांनी जवळून ऐकली नाही."

नसीमने आईकडे बघितलं, मग फुफीकडे.

"लाजते," बिल्कीसभाबी हसली. "म्हण गं. मघाशी नाही लाजलीस ती?"

नसीमने तोंड उघडलं. पहिली आयत आली, दुसरी आली. मग पोर एकदम भोकाड पसरून रडली.

"मी नाय म्हटलं! मला सगळं विसरायला झालं. माझा नंबर पुकारला आणि मला काय आठवेचना. मग मी तुळजाला म्हटलं, तू म्हण."

क्षणभर कुणाच्या डोक्यात प्रकाशच पडेना.

"कोण तुळजा?" एका पाहुणीने विचारलं.

"समोरची. गोदूबाईची."

शरफुद्दीनचा पेढ्यांचा हात होता तिथेच राहिला. पाहुण्या बायकांपैकी कुणीतरी 'या अल्लाह' म्हणाली. पडद्यामागच्या मुली एकेक करून भिंतीकडे सरकल्या. त्यांना पाणी द्यायला म्हणून आलेली तुळजा आता तिथे नव्हती. नसीमचं भोकाड ऐकताच ती मागच्या दाराने पळाली होती, चपला तशाच टाकून.

शरफुद्दीनने बहिणीला, बायकोला आत ओढलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"समोरच्या चांगदेवाची पोर," तो म्हणाला. ओरडत नव्हता, आणि तेच जास्त भयंकर होतं. "माझ्या घरात. मौलानांपुढे. अख्खी सूरह रहमान! आणि मी त्यांचे हात डोळ्यांना लावतोय. " तो बहिणीकडे वळला. "बुबू, हे काय आहे?"

"हळू बोला," बिल्कीसभाबी म्हणाली. "मौलाना जेवायला बसतायत."

"माझ्या तोंडाला काळं लागलं आणि मी हळू बोलू?"

आता गंमत बघा. शरफुद्दीन शुक्रवारच्या जुम्म्याखेरीज मशिदीची पायरी चढायचा नाही, आणि लूमवरच्या हिंदू कामगारांना सणाला नारळ स्वतःच्या हाताने आणून द्यायचा. पण आज त्याच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. आणि बिल्कीसभाबी, जी एरवी नणंदेचा पाणउतारा करायची एक संधी सोडायची नाही, ती आज नणंदेच्या बाजूला उभी राहिली.

"अहो, ऐका माझं. बुबूला कुठे ठाऊक होतं? पोर लहानपणापासून ओसरीवर पडलेली असते. गोदूबाई पहाटे भाजी घेऊन बाजारात जाते, तिचा नवरा चांगदेव शेलार गावच्या शेतावर. पोरीला ठेवणार कुठे? इथे बसून बसून कानावर पडलं असेल. काय हो बुबू?"

शरफुद्दीनला हा मार्ग एकदम पटला. "हां. असंच. बुबू, तू एवढंच म्हण, मला माहीत नव्हतं. बायकांना मी गप्प करतो. बक्षीस नसीमचं, मक्तब तुझं. आणि ती पोर उद्यापासून या उंबऱ्यात दिसता कामा नये. उद्या तिकडच्या आळीत कुणी म्हणालं की शरफुद्दीन शेजाऱ्याच्या पोरी बाटवतो, तर लूम जाळायला किती वेळ लागतो? दंगलीला सात वर्षं झाली फक्त. विसरलीस?"

फुफी काही विसरली नव्हती. दोन्हीकडची माणसं त्या सालापासून एकमेकांशी तोलूनमापून बोलायची, तीही तशीच बोलायची. ती 'मला माहीत नव्हतं' म्हणायला तोंड उघडणार, तोच दार ढकलून मोहिदीन आत आला.

"अब्बा, मौलाना मुलीला दुआ द्यायला बोलावतायत," तो म्हणाला आणि तिघांची तोंडं बघून थांबला. "काय झालं?"

बिल्कीसभाबीनेच दबल्या आवाजात सगळं सांगून टाकलं. शरफुद्दीनने डोळे मिटले. आता हा पेटणार, असं तिघांनाही वाटलं. बावीस वर्षांचा आलिम, दाढी राखलेला, घरातल्या रेडिओलासुद्धा तोंड वाकडं करणारा.

मोहिदीन तांदळाच्या गोणीवर बसला.

"फुफी," तो म्हणाला, "तुम्ही शिकवलंत?"

साधा प्रश्न. त्याच्या आवाजात राग असता तर फुफी खोटं बोलली असती, शपथेवर बोलली असती. पण असं कुणी सरळ विचारलं की माणसाची पंचाईत होते.

"शिकवायचं म्हणून नाही शिकवलं," ती म्हणाली. "पाच वर्षांची होती. जात्यामागे बसून आपलीआपली म्हणत होती, सगळ्या म्हणतात तसं. एका जागी चुकली. मी इकडे तांदूळ निवडत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, 'असं नाही, घशातून काढ.' तिने घशातून काढलं. नसीमला ते काढायला वर्ष लागलं रे, तिने एका झटक्यात! मग दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकली. कानाला चूक टोचली की मला गप्प बसवत नाही. अशी पाच वर्षं झाली."

"आपा, बस्स!" रागात शरफुद्दीनची भाषासुद्धा बदलली. "म्हणजे जाणूनबुजून!"

"मुसहफला हात लावला तिने?" मोहिदीनने विचारलं.

"कधीच नाही. कुराणाचं पुस्तक तिच्यापुढे कधी ठेवलंच नाही. नुसतं ऐकून."

"ऐकायला कुणालाच बंदी नाही," मोहिदीन म्हणाला. शरफुद्दीन त्याच्याकडे वेड लागल्यासारखा बघू लागला. "त्याचं मला काही वाटत नाही. तिच्या आईला विचारलं होतंत?"

फुफीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पाप म्हणेल, तौबा करा म्हणेल, याची तिने तयारी केली होती. हा प्रश्न तिच्या स्वप्नातही आला नव्हता.

"गोदूला?"

"हां. तिची मुलगी आहे. तिला ठाऊक आहे?"

"नाही."

"पाच वर्षं?"

फुफीने मान हलवली.

"दीनमध्ये, धर्मात जबरदस्ती नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात," मोहिदीन हळूहळू बोलत होता, जणू स्वतःशीच. "सगळ्यांना पाठ असतं. भाषणात टाळ्या पडतात त्यावर. पण न विचारता? न सांगता? त्याचं काय, असं मी तिकडे एकदा उस्तादांना विचारलं होतं. ते म्हणाले, दुसऱ्याच्या लेकराला दुसऱ्याच्या नकळत काही देणं, मग ते सोनं का असेना, ते देणं नाही, फुफी."

"हेच शिकायला पाठवलं होतं तुला तिकडे?" शरफुद्दीन उसळला. "आठ वर्षं!"

"चौदाव्या वर्षी पाठवलंत, अब्बा. मलाही कुणी विचारलं नव्हतं."

बिल्कीसभाबीने तोंडाला पदर लावला. या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. मुलगा आलिम झाला म्हणून शरफुद्दीनने आळीभर हलवा वाटला होता, पोर आठ वर्षं हे पोटात घेऊन फिरत होतं हे त्याला आत्ता कळत होतं. तो मटकन चुलीजवळच्या पाटावर बसला.

"मी मौलानांना जाऊन सांगतो," मोहिदीन उठला. "नंबर एकीचा, आवाज दुसरीचा. बक्षीस देता येणार नाही."

"आणि मक्तब?" बिल्कीसभाबीने विचारलं.

मोहिदीन फुफीकडे बघू शकला नाही. "परीक्षेत लबाडी झाली म्हटल्यावर मी कुठल्या तोंडाने ठेवू? मुली ईदनंतर मदरशात येतील. फुफी, मला माफ करा."

अठ्ठावीस वर्षं एका वाक्यात निकालात निघाली. आपण रडू, असं फुफीला वाटलं होतं, पण रडू आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट घणाचे घाव घालत होती: गोदूला विचारलं होतंस?

"मौलानांना तू सांग," ती उठली. "गोदूला मी सांगते."

"आत्ता नको," शरफुद्दीन पाटावरूनच म्हणाला. त्याच्या आवाजातली धग गेली होती, उरली होती नुसती भीती. "बुबू, तुझ्या पाया पडतो. चांगदेवाचे भाऊ कसे आहेत ते तुला माहीत आहे."

"मग तर आत्ताच जायला हवं," फुफी म्हणाली, आणि तुळजाच्या चपला हातात घेऊन मागच्या दाराने बाहेर पडली.

गल्ली ओलांडायला वीस पावलं. बारीक पाऊस होता, तिने डोक्यावरून पदर घेतला होता तोही भिजला. गोदूबाई ओटीवर बसून उद्याच्या बाजारासाठी कंटोळी निवडत होती. तुळजा तिच्या पाठीशी भिंतीला टेकून, गुडघ्यांत मान घालून.

"या खैरूबाय," गोदूबाई म्हणाली. तिने आज पाट पुढे केला नाही.

फुफी उभ्याउभ्याच बोलली. सगळं बोलली. जात्यामागचं, घशातून काढायचं, पाच वर्षांचं, आजच्या परीक्षेचं. काही गाळलं नाही. बोलताना मध्येच तुळजाने मान वर केली. डोळे रडून लाल.

"फुफी, माझं कुठं चुकलं का? मी बरोबर मोजत होते."

घरात एवढा गोंधळ झाला, आणि पोर बिचारी अजून आपली चूक सूरहमध्येच शोधत होती. "नाही गं बाय," फुफी म्हणाली. "तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. गोदू, मी तुला विचारलं नाही."

गोदूबाईचा कंटोळी निवडणारा हात चालूच होता. "माला ठाव होतं."

"काय?"

"सगलं. रोज झोपताना म्हनते ती. आयकतेय मी चार-पाच वर्षं. पयलं वाटलं, पोर आयकते तसं बोलते. मंग एक दिवस म्हनते, आये, फुफीनं आज माला शाब्बास म्हटलं. तवाच समाजलं."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"मी वाट बघत व्हते." आता गोदूबाईने मान वर केली. "म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. सासूनं इचारलं, पोर काय बडबडते. मी सांगितलं, रेडिवचं गानं हाय. दीर आला इचारायला. तो काय सादा मानूस न्हाय. मी या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, शेजारी कोन काय शिकवत नाय. खोटी शपथ, खैरूबाय. पोटच्या पोरीची. तुमचं नाव यायला नको म्हनून."

पाऊस पागोळ्यांतून गळत होता. समोरच्या घरात लूम पुन्हा सुरू झाले, एक, मग दुसरा, मग सगळे.

"तुमी माला येवढी वलखत नाय?" गोदूबाईने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच फुफीला तो सोसवेना. "माज्या हातची भाजी खाता, माजी पोर तुमच्याकडं सोपवून मी बाजारात जाते. आन तुमाला वाटलं, ही बाई आयकली तर भांडन करंल, मानसं घेऊन येईल. माला पन तुमी तसलीच समाजल्या."

ते खरंच होतं. पाच वर्षं फुफी हेच भीत आली होती, आणि त्या भीतीला ती आजवर शेजारधर्म म्हणत होती. मोहिदीनने नुसता प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर हे असं आहे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. फुफीने हातातल्या चपला ओटीवर ठेवल्या आणि ती तिथेच, ओल्या पायरीवर, खाली बसली.

"आता विचारते," ती म्हणाली. "मक्तब गेलं माझं. ओसरी रिकामी. नंबर नाही, परीक्षा नाही, काही नाही. तुझ्या पोरीला माझ्याकडे पाठवशील का, गोदू? काय शिकवू आणि काय नको, ते तू सांग. तू म्हणशील तेवढंच."

तुळजा आईच्या तोंडाकडे बघू लागली. गोदूबाईने कंटोळ्यांची टोपली बाजूला सारली, पदराने हात पुसले, आणि बोलली.

"ह्येच तवा इचारलं असतं, तर मी व्हय म्हटलं असतं. चारचौघांत सांगितलं असतं, माजी पोर मी पाठवते, कुनाला काय करायचं ते करा. आता सगली मानसं म्हनतील, चोरून शिकवलं. आन माला त्यांना खोटं पाडता यायचं न्हाय."

तिने तुळजाचा हात धरून तिला उभं केलं.

"उद्यापासून ती माज्यासंगं बाजारात येईल, खैरूबाय. तुमी आता घरी जा."